पहिल्या हिवाळ्याआधी: घरातले पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून

उबदार हवेत वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे स्वेटर, फार तर दोन रजया. पाण्याच्या पाइपालाही थंडी सोसत नाही हे मला बर्फ पडणाऱ्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात कळलं, आणि कळलं तेही फरशी पुसताना.

झालं असं. सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला तर तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. बाथरूममध्ये पाणी येत होतं, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. सिंकखालच्या कपाटात बशीभर पाणी साचलेलं दिसलं. रात्री भांडी घासताना सांडलं असेल म्हणून फडक्यानं टिपून घेतलं, नळ नीट घट्ट बंद केला आणि कामावर गेलो. संध्याकाळी दार उघडलं आणि पहिल्याच पावलाला मोजे भिजले. सिंकखालच्या एल्बोला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या कोपऱ्यातल्या जोडाला, नखाएवढी चीर होती आणि त्यातून बहुधा दुपारपासून पाणी उडत होतं.

प्लंबरनं एल्बो बदलला आणि मग मला भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "बर्फ इथे नव्हता, तिकडे होता." सिंकपासून दीड-दोन हात दूर, बाहेरच्या भिंतीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसा प्रकार. त्याचं ते वाक्य कळायला मला बराच वेळ लागला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं लिहितोय.

१. आधी एवढं समजून घ्या: गोठणं वेगळं, फुटणं वेगळं

पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतो. दहा लिटर पाण्याचा जवळजवळ अकरा लिटर बर्फ होतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की बर्फ फुगतो आणि पाइपाला आतून फाडतो. काही वेळा तसं होतंही. पण बहुतेकदा गोष्ट जरा वेगळी घडते.

पाइपात एका थंड जागी बर्फाचं बूच बसतं. ते वाढत जातं आणि पुढचं पाणी ढकलतं. पुढे तुमचा नळ घट्ट बंद. मागे बूच, पुढे बंद नळ, मध्ये अडकलेलं पाणी. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे त्या तुकड्यातला दाब भयंकर वाढतो आणि जो सांधा सर्वांत कच्चा, तो फुटतो. तो बर्फापासून लांब, अगदी उबदार कपाटातही असू शकतो. माझा तसाच होता.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नळ थोडासा उघडा असेल तर दाबाला वाट मिळते. पाइप गोठला तरी फुटायची शक्यता खूप कमी होते. दुसरी, फुटलेला पाइप लगेच वाहत नाही, कारण मागे बर्फाचं बूच असतं. अडकलेलं बशीभर पाणी तेवढं बाहेर येतं. खरा पूर येतो तो बर्फ वितळल्यावर, म्हणजे ऊन पडून आपण निर्धास्त झालो की मग.

किती थंडी म्हणजे धोका? गरम न केलेल्या माळ्यावर पाइप उघडा असेल, तर बाहेरचं तापमान उणे ६-७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की सावध व्हावं, असा ठोकताळा आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलनं केलेल्या प्रयोगांतून तो आला. पण फटीतून वारा थेट पाइपावर येत असेल तर एवढ्या थंडीचीही गरज नाही. थंडीपेक्षा वारा वाईट, हे लक्षात असू द्या. पुढचं निम्मं काम वारा अडवण्याचंच आहे.

आणि आपल्याकडे कधीतरीच थंडी पडते म्हणून निवांत राहू नका. उलट अशाच ठिकाणी जास्त दाणादाण उडते, कारण घरं बांधताना कोणी याचा विचारच केलेला नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, लाखो घरांची वीज गेली आणि घरोघरी पाइप फुटले. एरवी उकाड्याचीच चिंता असलेल्या प्रदेशात माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून उघडे पाइप नेलेले होते.

२. सगळ्यात आधी मेन कॉक शोधा

हे काम आजच करा, बाकीचं उद्या केलंत तरी चालेल. घरात येणारं सगळं पाणी ज्या एका कॉकनं बंद होतं तो कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. बहुधा तो पाण्याच्या मीटरजवळ, तळघरात, जिन्याखाली किंवा पाइप घरात शिरतो तिथे असतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो शाफ्टमध्ये किंवा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुलूपबंद असू शकतो. इमारत सांभाळणाऱ्याला विचारा आणि किल्ली कोणाकडे असते तेही विचारून ठेवा. स्वतःची विहीर किंवा बोअर असेल तर कॉकच्या जोडीला पंपाचा स्विचही शोधा.

कॉक दोन प्रकारचे भेटतील. एकाला सरळ दांडा असतो. दांडा पाइपाच्या रेषेत असला की चालू, आडवा केला की बंद. दुसऱ्याला गोल चाक असतं, ते बरेच वळसे फिरवावं लागतं. हे चाकाचे कॉक वर्षानुवर्षं हात न लागल्यानं गंजून घट्ट बसतात. आत्ता, काही घाई नसताना, एकदा बंद करून बघा. फिरत नसेल तर पान्यानं जोर करू नका; दांडी तुटली तर पाणी बंद करायचा मार्गच जातो. प्लंबरला बोलावून बदलून घ्या. फिरत असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव वळसा मागे आणून ठेवा, म्हणजे पुन्हा जाम होत नाही.

कॉकला एक रंगीत दोरी बांधा. रात्री तीन वाजता, हातात बॅटरी धरून, पाच पाइपांच्या गर्दीत आपला कॉक कुठला हे आठवत बसावं लागत नाही.

३. घराभोवती आणि घरात एक फेरी मारा

फेरीसाठी वाऱ्याचा दिवस निवडा. सोबत एक बॅटरी, एक पेटती उदबत्ती आणि वही घ्या. पाइप जिथून जातात तिथे उदबत्ती धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथे फट आहे. पडदे, कागद आणि गॅसच्या उपकरणांपासून उदबत्ती दूर ठेवा, एवढं सांगायला नको.

मी काय काय बघतो ते सांगतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली सिंक आणि बेसिनं, त्यांच्याखालची कपाटं. जमीन आणि घर यांच्यामधली पोकळी, जिथे वाकून शिरावं लागतं. माळा. गॅरेज, विशेषतः तिथे वॉशिंग मशीन असेल तर तिच्या मागचे होज पाइप. गॅरेजच्या छतातून वरच्या बाथरूमला गेलेले पाइप. गॅरेज थंड, वर बाथरूम उबदार, आणि मधल्या पाइपाचा कोणी वाली नाही. मीटरची पेटी, तिचं झाकण तुटलंय का. बाहेरचा बागेचा नळ. भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक: टीव्हीची केबल, इंटरनेटची तार, ड्रायरची नळी, एसीचा पाइप.

माझ्या घरात गुन्हेगार होती इंटरनेटची तार. ती आत आणणाऱ्यानं अंगठ्याएवढं भोक पाडलं, तार करंगळीहूनही बारीक, आणि उरलेली जागा तशीच सोडली. बरोबर त्या भोकासमोरून पाण्याचा पाइप जात होता. रात्रभर तिथे बारीक शिट्टी वाजायची. मला वाटायचं खिडकीची आहे.

संशयाच्या जागी एक साधा थर्मामीटर रात्रभर ठेवा. मी सिंकखालच्या कपाटात ठेवला, दार लावून झोपलो. सकाळी खोलीत २० अंश आणि कपाटात ५! पाइपाच्या अंगाशी किती असेल याचा अंदाज तिथेच आला. खोली उबदार आहे म्हणजे पाइपही उबदार आहे असं धरून चालू नका, त्या दोघांमध्ये एक लाकडी दार आणि बरीच मोठी तफावत असते.

४. जमवून ठेवायचं सामान

थंडीची लाट येणार अशी बातमी लागली की ही सगळी सामग्री दुकानांतून गायब होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा अगदी शब्दशः प्रकार. म्हणून आधीच आणा:

- पाइपाच्या जाडीला बसणाऱ्या, उभ्या चिरलेल्या फोमच्या नळ्या. आणण्याआधी पाइपाचा बाहेरचा व्यास मोजा. सैल नळीतून वारा खेळतो.
- नळ्या जोडायला चिकटपट्टी, पाइप इन्सुलेशनसाठी मिळते ती. साधी सेलोटेप थंडीत सुटते.
- बारीक फटींसाठी सीलंट आणि त्याची गन, मोठ्या भोकांसाठी फवारायचा फोम.
- बाहेरच्या नळासाठी टोपी किंवा कव्हर.
- ॲडजस्टेबल पाना, कापायला धारदार सुरी, बॅटरी.
- दोन-तीन थर्मामीटर, जमल्यास पाणी लागलं की वाजणारा छोटा गळती-अलार्म.
- हेअर ड्रायर आणि जुने टॉवेल.
- प्लंबरचा नंबर, कागदावर लिहून मेन कॉकजवळ चिकटवलेला. फोन चार्ज नसतो ती रात्र हीच असते.
- घरविम्याचे कागद. पॉलिसी एकदा शांतपणे वाचा. घर रिकामं असताना हीटिंग चालू ठेवावं किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करावेत अशी अट अनेक पॉलिसींत असते. भाड्याचं घर असेल तर करारात ही जबाबदारी कोणावर टाकली आहे तेही बघा.

५. आधी फटी बुजवा, मग पाइपाला पांघरूण घाला

बहुतेक जण उलटं करतात. फोम आणतात, पाइपाला गुंडाळतात आणि सुटलो म्हणतात. पण फोम ऊब तयार करत नाही, असलेली ऊब हळू जाऊ देतो, इतकंच. दगडाला घोंगडं पांघरलं म्हणून दगड गरम होत नाही. पाइपातलं पाणी रात्रभर थांबलेलं असेल आणि भोवतीची जागा उणे दहा असेल, तर फोम लावूनही ते गोठेल, फक्त काही तास उशिरा. ते काही तास मोलाचे असतात, नाही असं नाही. पण आधी वारा अडवला तर त्याच फोमचं काम कितीतरी सोपं होतं.

बारीक फट सीलंटनं भरा, अंगठ्याएवढं भोक फवाऱ्याच्या फोमनं. फोम फुगतो, तेव्हा भोक अर्धंच भरा. पहिल्यांदा माझा फुगून भिंतीबाहेर फुलकोबीसारखा आला होता. एक गोष्ट मात्र कटाक्षानं: गॅसच्या किंवा तेलाच्या बॉयलरचं धुराडं आणि त्याला हवा पुरवणारी जाळी यांना हात लावू नका. ती भोकं चुकून राहिलेली नसतात, मुद्दाम ठेवलेली असतात. ती बुजवली तर घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो.

मग फोमच्या नळ्या. चीर असलेली बाजू भिंतीकडे किंवा खाली येऊ द्या आणि चिकटपट्टीनं बंद करा. दोन नळ्यांच्या मध्ये बोटभरही पाइप उघडा ठेवू नका. एल्बोजवळ नळीची टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा. लोक सरळ पाइप नटवतात आणि एल्बो, टी (तीन तोंडांचा जोड), कॉक उघडे ठेवतात. गोठायला तेवढी जागा पुरते.

पाइप बाहेरच्या भिंतीच्या आत असेल तर पांघरूण कुठल्या बाजूला आहे याला फार महत्त्व आहे. इन्सुलेशन पाइप आणि बाहेरची थंडी यांच्या मध्ये हवं. ते पाइप आणि खोली यांच्या मध्ये भरलं, तर तुम्ही पाइपाला खोलीच्या उबेपासून तोडून थंडीच्या हवाली केलं. माझ्या घरात भिंत उघडल्यावर नेमकं हेच निघालं. काम नीटनेटकं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

पाइप कशाचा आहे यानं थोडा फरक पडतो. तांबं आणि लोखंड सरळ चिरतं, सीपीव्हीसी हे कडक प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होऊन तडकतं. पेक्स हे लवचीक प्लॅस्टिक बऱ्यापैकी ताणतं, पण त्याचे सांधे ताणत नाहीत. तेव्हा 'आमच्याकडे पेक्स आहे' म्हणून कानाडोळा करू नका.

६. हीटिंग केबल लावायची असेल तर

जिथे फटी बुजवून, फोम लावूनही भागत नाही तिथे विजेवर गरम होणारी केबल पाइपाला लावतात. थंडी पाहून स्वतःच कमी-जास्त तापणारी घ्या. साधी केबल एकमेकींवरून गेली की त्या जागी जळू शकते. पॅकेटवर परवानगी नसेल तर तिच्यावर फोम चढवू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या सुरक्षित सॉकेटलाच लावा. दर वर्षी आवरण फाटलंय का बघा. वीज गेली की ही केबल म्हणजे नुसती दोरी, हे लक्षात ठेवून पुढचे उपाय सोडू नका.

७. बाहेरचा नळ: पानगळीतच उरका

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं.

आधी बागेचा होज पाइप नळापासून काढा, पाणी झटकून आत ठेवा. मग घराच्या आतून त्या नळाला जाणारा कॉक बंद करा. बाहेर जाऊन नळ उघडा, साचलेलं पाणी निथळू द्या. आतल्या कॉकला छोटं निथळण्याचं बूच असेल तर तेही खाली वाटी धरून सैल करा. बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच राहू द्या आणि वरून टोपी घाला.

काही घरांत न गोठणारा नळ असतो. बाहेर नुसती तोटी दिसते, पण पाणी अडवणारा भाग हातभर आत, उबदार बाजूला असतो. बंद केला की मधला भाग आपोआप रिकामा होतो. यात सापळा असा, की होज जोडलेलाच राहिला तर पाणी बाहेर पडू शकत नाही, नळीत अडकतं आणि गोठून ती फाडते. फाटलेलं हिवाळ्यात कळतही नाही, कारण नळ बंद असतो. वसंतात तुम्ही झाडांना पाणी घालायला नळ सोडता, बाहेर धार येते आणि आत भिंतीतही येते. नळ कितीही चांगला असू द्या, होज काढाच.

घरात कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची ऊबही वापरणारा) असेल तर त्याचा बाहेर जाणारा बारीक पांढरा प्लॅस्टिकचा पाइपही याच फेरीत बघा. त्यातून सतत थोडं थोडं पाणी निथळतं. तो गोठला की बॉयलर गुडगुडतो आणि बंद पडतो, म्हणजे ऐन कडाक्यात हीटिंगच जातं. बाहेरचा तुकडा जेवढा आखूड, जाड आणि उतरता, तेवढा बरा. त्यालाही बाहेर टिकणारं इन्सुलेशन लावून घ्या. गोठलाच तर कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

८. कडाक्याची रात्र

अंदाज उणे सात किंवा त्याखालचा असेल तर झोपण्याआधी एवढं करा.

बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. घरात लहान मूल असेल तर आतली फिनेल, ॲसिडं आधी उंचावर हलवा. गॅरेजचं दार बंद. हीटिंग रात्री कमी करायची सवय असेल तर त्या रात्री करू नका, दिवसाइतकंच ठेवा. थोडी वीज किंवा गॅस जास्त जाईल, जाऊ द्या.

आणि नळ थोडा सोडून ठेवा. यावर लोक बरेच वाद घालतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुठला नळ? पाइप ज्या थंड जागेतून जातो त्या जागेच्या पुढचा. बाथरूमचा नळ टपकत ठेवून स्वयंपाकघरातला पाइप वाचत नाही. एका ओळीवर अनेक नळ असतील तर मेन कॉकपासून सगळ्यात लांबचा. गरम आणि थंड, दोन्ही. कारण गरम पाण्याचा पाइपही रात्री थंडच असतो. एकच दांडा असलेला नळ असेल तर दांडा मधोमध ठेवा. किती? टपटप थेंबांनी दाबाला वाट मिळते, पण जिथे पाइप खरोखर उघड्यावर आहे तिथे मी पेन्सिलीच्या शिशाएवढी अखंड धार ठेवतो, कारण चालतं पाणी सतत जमिनीखालची थोडी ऊब घेऊन येतं. शिवाय सिंकचा निचऱ्याचा पाइप थंड जागेतून जात असेल तर एकेक थेंब तिथे साचून निचराच गोठू शकतो. धारेनं तो धोका कमी होतो. बूच काढलेलं आहे ना आणि जाळीत काही अडकलेलं नाही ना, हे बघूनच झोपा.

पाणी वाया जातं म्हणून माझाही जीव तुटायचा. आता खाली बादली ठेवतो आणि निजण्याआधी, मध्ये जाग आली की आणि सकाळी रिकामी करतो. फरशी पुसायला, फ्लशला ते पाणी कामी येतं. बादलीच्या भरवशावर रात्रभर गाढ झोपू मात्र नका. भरून वाहिली तर जे टाळायचं तेच होईल.

'झोपताना तर पाणी नीट येत होतं' याला काही अर्थ नसतो. थांबलेलं पाणी शून्याखाली दोन-चार अंश जाऊनही काही काळ पाणीच राहू शकतं, आणि मग अचानक बर्फाच्या सुया पाइपभर पसरून वाट अडते.

वीज गेली आणि लवकर येण्याची चिन्हं नसतील तर वाट बघत बसू नका. घर अजून उबदार असतानाच मेन कॉक बंद करा, वरच्या मजल्यापासून सगळे नळ उघडा आणि सगळ्यात खालच्या नळातून पाणी निथळू द्या. त्याआधी पिण्यापुरतं पाणी भांड्यांत भरून घ्या.

९. घर बंद करून जाताना

दोन-तीन दिवसांसाठी जात असाल तर हीटिंग १३ अंशांच्या खाली नेऊ नका, कपाटांची दारं उघडी ठेवा आणि मेन कॉक बंद करून जा. पाइप फुटलाच तर पाइपात आहे तेवढंच पाणी सांडेल. शेजाऱ्याला रोज एक चक्कर मारायला सांगा. किल्लीबरोबर कॉक कुठे आहे तेही दाखवा.

हीटिंग पूर्ण बंद करून महिनाभर जायचं असेल तर पाइप रिकामे करावे लागतात, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिझरची वीज किंवा गॅस बंद करा, मगच त्याचं पाणी काढा. पाणी नसताना विजेचा गिझर चालू राहिला तर त्याची कॉइल जळते. मग मेन बंद, सगळे नळ उघडे, फ्लश ओढून टाकी रिकामी. सिंक, बेसिन आणि संडासाच्या वाकड्या पाइपात पाणी राहतंच. त्यात पाइपांसाठी मिळणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओता. गाडीत घालतात ते इथे चालत नाही, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. रेडिएटरमधून गरम पाणी फिरणारं हीटिंग किंवा आगीचे स्प्रिंकलर असतील तर स्वतः प्रयोग करू नका, ते काम जाणकाराचं.

१०. गोठलाच तर

ओळखायचं कसं? नळ खोकतो, बारीक धार येते किंवा काहीच येत नाही. दिसणाऱ्या पाइपावर दहिवर जमलेलं असतं. निचरा गोठला असेल तर सिंकमधून उलटा वास येतो. आधी बाकीचे नळ तपासा. सगळेच कोरडे असतील तर अडचण मीटरजवळ किंवा रस्त्यावर आहे, पाणीपुरवठा विभागाला कळवा. एकच बंद असेल तर बर्फ त्या नळाच्या वाटेवर आहे.

पहिलं काम, तो नळ उघडा आणि उघडाच ठेवा. मी केलेली चूक हीच होती. मग मेन कॉक. काही जण तो चालू ठेवायला सांगतात, कारण वाहतं पाणी बर्फ लवकर वितळवतं. खरं आहे ते. पण पाइप आधीच चिरलेला असेल तर आपल्याला ते बर्फ वितळेपर्यंत कळत नाही. म्हणून पाइप पूर्ण दिसत नसेल, किंवा कुठे बशीभर पाणी, फुगवटा, चीर दिसली असेल, तर मी मेन बंद करूनच पुढे जातो.

ऊब द्यायला नळाच्या बाजूनं सुरुवात करा आणि बर्फाकडे सरकत जा. मधूनच तापवलंत तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन बर्फांच्या मध्ये कोंडते. हेअर ड्रायर हलता ठेवा, एका जागी रोखून धरू नका. पायाखाली पाणी असेल तर ड्रायर हातात घेऊच नका. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा आणि गार झाले की बदला. ब्लोटॉर्च, स्टोव्ह, मेणबत्ती, कुठलीही ज्योत नको. भिंतीतल्या लाकडाला आग लागते, डाखाचे सांधे सुटतात, प्लॅस्टिक वितळतं.

अर्धा-एक तास लागतो, कधी जास्तही. पाइप भिंतीत असेल तर खोलीचं तापमान वाढवा, कपाट उघडा, थांबा. हलत नसेल तर प्लंबर.

पाणी सुटलं की मेन एकदम उघडू नका. एक माणूस कॉकजवळ, एक नळाजवळ आणि कपाटाशी. पाव वळसा, थांबा, बघा, ऐका.

११. फुटलाच तर

मेन बंद. पाणी विजेच्या सॉकेटजवळ पोचलं असेल तर त्या भागाची वीज मुख्य फळीवरून तोडा, पण फळीपर्यंत पाण्यातून चालत जावं लागत असेल तर जाऊ नका. गिझर बंद. सगळे नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी सिंकमध्ये जाऊ द्या. पुसायला घेण्याआधी फोटो काढा, फुटलेला तुकडाही टाकू नका, विमावाले मागतात. ओली गादी, गालिचा त्याच दिवशी उचला, दोन दिवसांत बुरशी धरायला लागते.

दुरुस्ती झाल्यावरही दोन-तीन दिवस त्या ओळीवरचा प्रत्येक सांधा सकाळ-संध्याकाळ कोरड्या टिश्यूनं पुसून बघा. मी एल्बो बदलून घेतला, सुटलो म्हणालो, आणि तिसऱ्या दिवशी टिश्यूच्या कोपऱ्याला ओल लागली. पाइप गोठला त्या रात्रीच त्याच ओळीवरचा आणखी एक सांधा केसाएवढा चिरला होता, टाइलच्या मागे.